पुण्याचे शेतकी कॉलेज आणि आपला माळी समाज

ज्येष्ठ महिना सरत आला की श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून निघते आणि दिघी, कळस मागे टाकून विश्रांतवाडीस येते. आपल्यापैकी अनेक ज्ञातिबांधवांची घरे या आळंदी रस्त्याच्या दोहों बाजूंस आहेत. त्या दिवशी आपल्या माताभगिनी वारकऱ्यांस पाणी देतात, चहा देतात, थकल्याभागल्यांस ओटीवर घटकाभर टेकावयास जागा देतात. पालखीबरोबर चार पावले चालावयाची म्हणून आपण फुलेनगर, संगमवाडी करीत पुढे जातो आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या चौकापर्यंत पोहोचून माघारी फिरतो. वाटेत वारकऱ्यांचे बोलणे कानी पडते ते एकाच गोष्टीचे : मृग बरसला का, पेरणी झाली का, बी उगवले का. हा सारा शेतकऱ्यांचा मेळा ज्या दगडी वास्तूवरून जातो, तिच्यात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी शेतीच्या उच्च शिक्षणाचा आपल्या इलाख्यांतील पहिला वर्ग उघडला गेला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्या वर्गापासून वाढलेल्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयाची, म्हणजे आपले वाडवडील ज्यास 'शेतकी कॉलेज' म्हणत त्या संस्थेची, हकीगत ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

हा वर्ग सुरू झाला १८७९ साली. त्या सालाकडे नीट पाहिले पाहिजे. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावी कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ या काळांत दख्खनेवर भीषण दुष्काळ कोसळला. १८८० सालच्या दुष्काळ आयोगाने प्रत्येक प्रांतांत शेतकी खाते असावे असे सुचविले. कॉलेज ऑफ सायन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या वेळच्या संस्थेत शेतीचा वर्ग निघाला, तो अशा होरपळलेल्या काळांत. या शिक्षणाचा जन्म सुबत्तेतून झालेला नाही, उपासमारीतून झालेला आहे. त्याआधी, १८७३ साली, गणेशखिंडीत सरकारी वनस्पती उद्यान स्थापन झाले होते. त्या उद्यानाची व्यवस्था पाहणारे जॉर्ज मार्शल वुड्रो हेच कॉलेजांत वनस्पतिशास्त्र आणि शेती हे विषय शिकवीत. हिंदुस्थानांतील बागकामावरील त्यांचा ग्रंथ त्या काळी पुष्कळ वाचला जाई.

परंतु या वर्गाच्या बाकांवर कोण बसले होते ? येथे आपणांस थोडे कटू सत्य सांगितले पाहिजे. नांगरामागे चालणाऱ्याचा मुलगा तेथे क्वचितच दिसे. इंग्रजी शिकलेल्या, पांढरपेशा घरांतील मुले येत. मुंबई विद्यापीठाची शेतकीची पदविका मिळाली की मुलकी खात्यांतील जागेची वाट मोकळी होई, हे मोठे आकर्षण असे. शेतीचे शिक्षण घ्यावयाचे ते शेतीपासून सुटण्यासाठी, असा तो उलटा व्यवहार होता. याच सुमारास, १८८९ साली, डॉ. जॉन व्होएलकर नावाचे विलायतेतील शेतकी रसायनज्ञ या देशाची शेती पाहावयास आले. येथील रयत अडाणी आहे असे समजून आलेल्यांना त्यांच्या १८९३ सालच्या अहवालाने चकित केले. हिंदी शेतकरी विलायतेतील सामान्य शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत तर सरसच आहे. उणीव आहे ती साधनांची, पाण्याची आणि खताची, असा त्यांचा निर्वाळा होता.

व्होएलकर साहेबांच्याही आधी हे दुखणे ओळखणारा एक पुरुष पुण्यांतच होता आणि तो आपल्या ज्ञातीचा होता, याचा आपण अभिमान बाळगला तर तो अस्थानी होणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली, म्हणजे कॉलेजांतील शेतीचा वर्ग उघडून अवघी चार वर्षे झाली होती तेव्हा. शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या द्यावी, त्यांतील हुशारांना परदेशच्या शेतकी शाळा दाखवाव्यात, शेतीची प्रदर्शने भरवून चांगल्या पिकास बक्षिसे द्यावीत, ताली व बंधारे बांधून पावसाचे पाणी आणि त्याबरोबर वाहून जाणारी माती शेतांत जिरवावी, असे उपाय त्यांनी सविस्तर सांगितले. हे पुस्तकी बोल नव्हते. मांजरीस जोतीरावांची स्वतःची शेती होती आणि कालव्याच्या पाण्यावर बागाईत कसे करावे हे ते स्वतः करून दाखवीत. त्यांची मागणी साधी होती : शेतीची विद्या शेती करणाऱ्याच्या घरांत गेली पाहिजे. हीच फूटपट्टी घेऊन आम्ही पुढील इतिहास मोजणार आहोत.

शतकाच्या अखेरीस पुन्हा दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली. त्यानंतर सरकारास जाग आली. १९०५ साली बिहारांत पुसा येथे मध्यवर्ती संशोधनसंस्था स्थापन झाली आणि प्रांतोप्रांती शेतकी कॉलेजे उभारण्याचे ठरले. पुण्याचा शेतीचा वर्ग १९०७ साली स्वतंत्र कॉलेज झाला आणि १९०८ साली ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. शिवाजीनगरांतील घुमटाची जी भव्य दगडी इमारत आपण जातायेतां पाहतो, ती १९११ साली वापरांत आली. १९०९ सालापासून कॉलेजचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले. पहिले प्राचार्य होते डॉ. हॅरल्ड मॅन. यापूर्वी त्यांनी आसामकडील चहाच्या मळ्यांसाठी रसायनज्ञ म्हणून काम केले होते. पुण्यास आल्यावर मात्र त्यांनी आपली प्रयोगशाळा चार भिंतींत कोंडून ठेवली नाही.

मॅन साहेबांनी पुण्याजवळचे एक लहानसे गाव निवडले, पिंपळे सौदागर. त्या गावची जमीन, विहिरी, बैल, कर्ज आणि प्रत्येक घराचा जमाखर्च त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह तपासला आणि तो अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. जुने दप्तर चाळून त्यांनी दाखविले की या गावांत १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली, १८२० ते १८४० या काळांत १४ एकरांवर, आणि १९१४-१५ साली अवघ्या ७ एकरांवर. वाटण्या होत गेल्या आणि भाकरीचे तुकडे लहान होत गेले. बहुसंख्य कुटुंबांचे केवळ शेतीवर भागत नव्हते. बाहेरच्या मजुरीच्या पैशावर घर चालत होते. पुढे न. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास केला आणि तो १९२१ साली छापला गेला. पुण्यांतील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गाच्या राहणीवरही त्यांनी १९१२ साली लिहिले. पीक पाहावयाचे तर पिकविणाऱ्याचे घरही पाहावे लागते, आणि घर पाहावयाचे तर गावकुसाबाहेरचे घर वगळून चालत नाही, ही दृष्टी त्यांनी कॉलेजला दिली. आमच्या मते कॉलेजच्या साऱ्या इतिहासांत याहून मोठी देणगी दुसरी नाही.

आता आपल्या ज्ञातीशी निकटचा संबंध असलेल्या विषयाकडे वळू. सासवडकडील माळी बागाईतदार ऊस पिकविण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होते. १८८५ साली नीरेचा डावा कालवा वाहू लागला, तेव्हा आपली कितीएक कुटुंबे आपले बिऱ्हाड बैलगाडीत घालून कालव्याच्या पाण्यामागे गेली. खंडाने जमिनी घेऊन त्यांनी माळरानाचे मळे केले. परंतु पाण्याबरोबर एक शत्रूही आला. पाणी बेसुमार दिले गेले, जमिनीखालचे पाणी वर चढले आणि त्याबरोबर क्षार वर आले. काळी कसदार जमीन पांढरी पडून चोपण होऊ लागली. नीरा खोऱ्यांतील या खारवट जमिनींचा शास्त्रीय शोध मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी घेतला आणि तो १९१० साली प्रसिद्ध झाला. रोग पाण्याच्या टंचाईचा नव्हे, अतिरेकाचा आहे; निचऱ्याचे चर काढा आणि पाणी बेताने द्या, असा त्याचा मथितार्थ.

या संबंधांत आमच्या घरांत सांगितली जाणारी एक आठवण येथे नमूद करतो. आमच्या घराण्यांतील एक वडीलधारे, ज्यांस सारे तात्या म्हणत, कालव्याकाठी ऊस करीत. त्यांच्या मळ्याच्या सखल अंगास मीठ फुटू लागले. घरांतला एक पुतण्या शेतकी शिकून आला होता. त्याने जमीन पाहून सांगितले, "तात्या, येथे चर खणून पाणी बाहेर काढावे लागेल." तात्या संतापले. म्हणाले, "अरे, पाणी मिळावे म्हणून आम्ही गाव सोडले, आणि तू पाणी घालवायला सांगतोस ? मोटेचा नाडा तरी तुला बांधता येतो का ?" पुतण्या गप्प राहिला. दुसऱ्या वर्षी उसाचा तो सारा तुकडा पिवळा पडला, तेव्हा तात्यांनीच त्यास हाक मारली. परंतु गोष्ट येथे संपत नाही. पुतण्याने कागदावर चराची जी रेघ ओढली होती, ती तात्यांनी पुसावयास लावली. कारण त्या शेतांतून पूर्वी ओढ्याची एक पन्हळ जात असे आणि ती कोठे बुजली आहे हे फक्त तात्यांस ठाऊक होते. चर त्या जुन्या पन्हळीने काढला, आणि काही वर्षांनी ती जमीन पुन्हा पिकू लागली. चर काढावा हे पुतण्यास कळले, तो कोठून काढावा हे तात्यांस कळले. आमच्या समजुतीने शेतकी कॉलेजचा शंभर वर्षांचा सारा इतिहास या एका चरांत साठविलेला आहे. प्रयोगशाळेचे ज्ञान आणि हाताचे ज्ञान यांची जेथे गाठ पडली तेथे पीक आले. जेथे पडली नाही तेथे केवळ पदव्या आल्या.

सासवडच्या याच माळी मंडळींनी पुढे भांडवल गोळा करून अकलूजजवळ माळीनगर वसविले आणि १९३० नंतरच्या दशकांत आपला साखर कारखाना उभा केला, हे आपण जाणतोच. शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला कारखाना म्हणून त्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासांत राहील.

गाठ पडल्याचे दुसरे उदाहरण याहून गोड आहे. पुण्याच्या आसपास पूर्वी 'आळंदी' जातीचे डाळिंब पिकत असे. दाणा लालसर, पण बी टणक. गणेशखिंडीच्या बागेत काम करणारे मुंबई सरकारचे फलोद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी या आळंदी डाळिंबाच्या रोपांतून निवड करीत करीत एक झाड हेरले. त्याचे बी मऊ, रस गोड आणि उत्पन्न भरपूर. १९३६ साली ही जात बागाईतदारांच्या हाती पडली. त्या वेळी तिला बागेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि एक आकडा एवढेच नाव होते. १९७० साली तिचे 'गणेश' असे बारसे झाले. सोलापूर, सांगोला, नाशिक, नगर या पाण्याविना तळमळणाऱ्या मुलखांत याच गणेश डाळिंबाने हजारो घरांत पैसा आणला. पुढे राहुरीच्या विद्यापीठाने मृदुला, भगवा अशा जाती दिल्या, त्यांचीही आई गणेशच. आज परदेशी जाणारे केशरी-लाल भगवे डाळिंब म्हणजे आपल्या आळंदीच्या वाटेवरील जुन्या डाळिंबाचे पणतवंड होय. द्राक्षांतील 'चीमा साहेबी' ही जात याच संशोधकाचे नाव सांगते. कोणा अनामिक माळ्याने आपल्या परसांत जपलेले झाड नसते, तर शास्त्रज्ञाने निवड कशांतून केली असती ?

जोतीरावांची फूटपट्टी लावावयाची तर आणखी एक नाव घेतले पाहिजे. शेतकऱ्याच्या घरांतून आलेले आणि राजर्षी शाहू छत्रपतींच्या कोल्हापूरशी ज्यांचा निकट संबंध होता, ते रावबहादूर डॉ. पांडुरंग चिमणाजी पाटील या कॉलेजचे प्राचार्य झाले. मुंबई इलाख्यांतील पिकांचा भूगोल आणि कोल्हापूरच्या साधनसंपत्तीची पाहणी हे त्यांचे ग्रंथ आणि 'माझ्या आठवणी' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. ज्या संस्थेच्या बाकावर एके काळी शेतकऱ्याचा मुलगा दिसत नव्हता, तिच्या खुर्चीवर शेतकऱ्याचा मुलगा बसला, ही घटना लहान नव्हे. कानिटकरांनी पुढे सोलापूरकडील कोरडवाहू शेतीवर जे संशोधन केले, त्यांतून बांधबंदिस्ती, खोल नांगरट आणि विरळ पेरणीची पद्धत शेतकऱ्यांपर्यंत गेली. १९३२ साली हवामान खात्याची शेतीविषयक शाखा पुण्यास निघाली आणि तिची वेधशाळा कॉलेजच्या शेतावर उभी राहिली. पिकाच्या उंचीवर हवा किती गार असते, दहिवर किती पडते, मातीच्या पोटांत ऊब किती, याची मोजदाद तेथे होऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि कॉलेज त्यास जोडले गेले. धुळे आणि कोल्हापूर येथे १९६० नंतर नवी कृषी महाविद्यालये निघाली. शेतीसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचविणे ही तिन्ही कामे एकाच छत्राखाली यावीत, या विचाराने १९६८ साली राहुरी येथे विद्यापीठाची स्थापना झाली आणि पुण्याचे महाविद्यालय त्याचे एक अंग बनले. त्यानंतर अकोला, परभणी आणि दापोली येथेही कृषी विद्यापीठे झाली. राहुरीच्या विद्यापीठास पुढे महात्मा फुले यांचे नाव दिले गेले. 'असूड' लिहिणाऱ्याचे नाव शेतीच्या पदवीपत्रावर छापले जावे, यांत काळाने केलेला न्याय आहे. परंतु नाव दिले म्हणजे ऋण फिटले असे नाही.

कारण आज काय दिसते ? कृषी महाविद्यालयांत आता शेतकऱ्यांची मुले मोठ्या संख्येने आहेत, मुलीही पुष्कळ आहेत. जोतीरावांची अर्धी मागणी पुरी झाली. पण त्यांतील कितीएक जण पदवी हाती पडण्यापूर्वीच स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत डोके घालून बसतात. सव्वाशे वर्षांपूर्वी शेतकीची पदविका घेऊन मुलकी खात्याकडे पाहणारा विद्यार्थी आणि आजचा हा विद्यार्थी, यांच्या पोशाखांत फरक आहे, वाटेत नाही. त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पिंपळे सौदागरचे सात एकर पुढच्या पिढ्यांत आणखी वाटले गेले. त्या मुलास परत जावयास शेत कोठे आहे? त्याच पिंपळे सौदागरांत आज उंच इमारती उभ्या आहेत. आपल्या विश्रांतवाडीची, धानोरीची, कळसची गोष्ट निराळी नाही. जेथे ज्वारी आणि भाजीपाला होता तेथे सोसायट्या झाल्या. कॉलेजच्या जमिनीचाही काही भाग मेट्रोच्या आगारास गेला. शहरास रेल्वे हवी हे खरे, आणि शहरास भाकरी हवी हेही खरे. गणेशखिंडीची बाग मात्र शासनाने २०२० साली जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली, ही समाधानाची गोष्ट आहे.

तेव्हा ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती एवढीच. ज्या घरांत अजून जमीन आहे, त्यांनी ती विकण्यापूर्वी घरांतल्या शिकलेल्या मुलामुलीस एकदा शेताच्या बांधावर उभे करावे आणि त्याचे म्हणणे ऐकावे. तात्यांप्रमाणे एक वर्ष उशीर करू नये. ज्यांची जमीन गेली आहे, त्यांनी पैशाबरोबर हाताचे ज्ञानही गेले असे समजू नये. रोपवाटिका, बियाणे, फळांची प्रतवारी, फुलांचा बाजार, माती व पाणी तपासणी, या साऱ्यांत माळ्याच्या हाताला आजही मोल आहे. आणि जी मुले कृषी महाविद्यालयांत आहेत, त्यांनी शेवटच्या वर्षी कार्यानुभवासाठी गावांत राहावयाचे असते, ते दिवस केवळ वहीवर सही मिळविण्यासाठी काढू नयेत. तेथील वृद्धांस विचारावे, 'येथील जुनी पन्हळ कोठून जात होती ?' त्या उत्तरांत जे मिळेल ते कोणत्याही ग्रंथांत मिळणार नाही.

पुढल्या ज्येष्ठांत पालखी विश्रांतवाडीस येईल. पाणी देतांना शेजारी उभ्या असलेल्या वारकऱ्यास त्याच्या शेताची दोन प्रश्नांनी विचारपूस करावी, आणि आपल्या नातवंडांस पुढे नेऊन संगमाजवळची ती दगडी इमारत व पलीकडचा घुमट दाखवावा. सांगावे की, बाळांनो, दुष्काळाने होरपळलेल्या लोकांनी ही विद्या मागितली होती. ती आपल्या दारांत आली आहे. तिला दारांतून परत पाठवावयाचे की घरांत घ्यावयाचे, हे आता आपल्या हाती आहे.